व्हेलोद्रोम दीव्हेर
फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील एक आच्छादित सायकल-शर्यतगृह (१९१०–५९). फ्रेंच नावाचा अर्थ ‘हिवाळी सायकल-धावपट्टी’ असा असून ‘व्हेल दीव्ह’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाई. तेथील क्रीडासामन्यांपेक्षाही जुलै १९४२ मधील ज्यूंच्या धरपकडीमुळे त्याचे नाव इतिहासात राहिले आहे.

तूर द फ्रान्स या शर्यतीचा प्रवर्तक आंरी देग्रांझ (१८६५–१९४०) याने १८८९ च्या जागतिक प्रदर्शनातील यंत्रदालनात ३३३ मी. लांबीची धावपट्टी करविली. तीवर २० डिसेंबर १९०३ रोजी शर्यतींना प्रारंभ झाला. पुढे हे दालन पाडण्याचे ठरल्याने आयफेल मनोऱ्याजवळील नेलातों मार्गावर नवी वास्तू उभारण्यात आली. तिचे उद्‌घाटन १३ फेब्रुवारी १९१० रोजी झाले. तीत सु. २५० मी. लांबीची लाकडी धावपट्टी आणि सु. १७,००० प्रेक्षकांची सोय होती. वेगाने वळताना सायकलस्वार बाहेर फेकला जाऊ नये म्हणून वळणांवर धावपट्टीची बाहेरील कड बरीच उंच ठेवलेली असे.

१९१३ पासून येथे सहा दिवसांची अखंड शर्यत सुरू झाली. जोडीतील एक स्पर्धक धावत असताना दुसरा विश्रांती घेई. धनिक प्रेक्षक मधल्या पटांगणात, तर कामगारवर्ग वरच्या सज्जांत बसे. १९२४ च्या ऑलिंपिकमधील मुष्टियुद्ध, कुस्ती व वजन उचलणे या स्पर्धा येथेच झाल्या. १९३१ मध्ये जेफ डिक्सन या अमेरिकन संयोजकाने व्यवस्था हाती घेतल्यावर बर्फावरील खेळांची सोय झाली.

१६ व १७ जुलै १९४२ रोजी, जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये, फ्रेंच पोलिसांनी १३,१५२ ज्यूंना अटक केली. त्यांत ४,११५ मुले होती. मुलाबाळांसह सु. ८,००० जणांना या वास्तूत सु. पाच दिवस कोंडण्यात आले. हवाई हल्ल्याच्या भीतीने काचेचे छत रंगवून अंधारलेले होते व खिडक्या बंद होत्या; त्यामुळे आत असह्य उकाडा झाला. अन्न, पाणी व शौचकूपे अत्यंत अपुरी होती. नंतर या लोकांना पीतिव्हिए व बोन-ला-रोलांद येथील छावण्यांत नेण्यात आले. तेथे अनेक मुलांची मातांपासून ताटातूट करण्यात आली आणि अखेर बहुतेकांची रवानगी आउश्विट्स येथे झाली. त्यांपैकी फारच थोडे परतले.

युद्धोत्तर काळात शर्यती पुन्हा सुरू झाल्या. सहा दिवसांची अखेरची शर्यत १९५८ मध्ये झाली व १९५९ मध्ये वास्तू पाडण्यात आली. १९९४ मध्ये जवळच स्मारक उभारले गेले. या धरपकडीतील फ्रेंच राज्यसंस्थेची जबाबदारी राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी १६ जुलै १९९५ रोजी प्रथमच जाहीरपणे मान्य केली.