ठिपक्यांतून उमटणारे चेहरे

स्मरणिका हाती येताच आपण प्रथम छायाचित्रांकडे वळतो आणि जुन्या समूहचित्रात आपले आजोबा शोधू लागतो. वास्तविक छापखान्याच्या शाईस करडी छटा ठाऊक नसते. ठिपका मोठा तर भाग गडद, लहान तर फिकट, एवढ्यावरच डोळ्यास चेहऱ्याचा भास होतो. यासच हाफटोन म्हणतात.

या विद्येशी आपल्या नाशिक जिल्ह्याचा संबंध आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटामुळे अजरामर झाले. परंतु त्याआधी ते ब्लॉक तयार करणारे मुद्रक होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी १९०८च्या सुमारास लोणावळ्यास छापखाना काढला आणि रंगीत छपाईच्या यंत्रसामग्रीसाठी ते १९०९ साली जर्मनीस गेले.

त्याच काळात कलकत्त्यास उपेंद्रकिशोर राय हे ठिपक्यांचे गणितच मांडीत होते. रेषांची जाळी असलेली काच व प्रकाशसंवेदी काच यांतील अंतर, भिंगाच्या छिद्राचा आकार, जाळीचा कोन यांवर त्यांचे लेख १८९७ पासून लंडनच्या पेनरोज वार्षिकात प्रसिद्ध झाले. मुद्रकाने अंदाजाने न चालता हिशेबाने चालावे, हा त्यांचा आग्रह. आम्हा व्यापाऱ्यांस तो विशेष पटावा!

जाळी चित्र व कागद पाहून निवडावी लागते. समूहचित्रातील चेहरा पाव इंचाचा असेल, तर इंचास ६५ रेषांच्या जाळीत त्याच्या रुंदीस जेमतेम १६ ठिपके येतात. १३३ रेषांत सुमारे ३३. मात्र तीच बारीक जाळी खरबरीत कागदावर वापरल्यास शाई पसरून चेहरे काळवंडतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या दुकानाच्या जाहिरातीत पैठणीचे छायाचित्र छापले, तेव्हा पदरावर पाण्यासारख्या लहरी उमटल्या. गिऱ्हाईक त्यास विणकराचा दोष समजले. विणीची जाळी व ठिपक्यांची जाळी एकमेकींवर पडली की असे होते. आता संगणकाद्वारे सारख्याच आकाराचे सूक्ष्म ठिपके अनियमित विखुरता येतात. गडद भागी ते दाट, फिकट भागी विरळ पडतात. ओळीच नसल्याने ठिपक्यांच्या जाळीमुळे येणाऱ्या लहरी टळतात व बारीक नक्षी टिकते.

जुन्या छापील पानावरून पुन्हा छायाचित्र घेतल्यास हाच घोटाळा होतो. आधीच्या ठिपक्यांवर नवे ठिपके बसतात. म्हणून ज्यांच्या घरी वडीलधाऱ्यांची मूळ छायाचित्रे असतील, त्यांनी छापखान्यास तीच द्यावीत. पाठीमागे नावे पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावीत.