परसातील गप्पा आणि इतिहासाची साधने

५ मे १९४१ रोजी ब्रिटनमध्ये चीजचे शिधावाटप सुरू झाले. माणशी आठवड्याला एक औंस, म्हणजे आपल्या जुन्या मापाने सुमारे अडीच तोळे. पुढे हे प्रमाण वाढत गेले, १९४२ च्या उन्हाळ्यात काही काळ आठ औंसांवर पोहोचले आणि पुन्हा उतरून दोन-तीन औंसांवर आले. युद्धकाळाचा इतिहास लिहिणाऱ्याला हे आकडे सरकारी कागदांत सहज सापडतात. परंतु अडीच तोळ्यांचा तो तुकडा घरात कोणाच्या वाट्याला आला, कामावर जाणाऱ्याच्या डब्यात गेला की मुलांच्या पावावर पडला, हे ते कागद सांगत नाहीत. ते त्या काळच्या बागेतल्या बोलण्यात, वाफ्यातले तण काढता काढता शेजाऱ्याशी केलेल्या गप्पांत असते. असे बोलणे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. ब्रिटनमध्ये मात्र त्यातले काही लिहिले गेले आणि टिकलेही. ती हकीकत आपल्यासारख्या, मूळ गाव सोडून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेल्या कुटुंबांना काही सुचवून जाईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या बागांविषयी. इंग्लंडमध्ये गावाच्या सामाईक जमिनींना अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणे पडली व त्या खाजगी मालकीच्या झाल्या. गुरे चारण्याचा आणि सरपण गोळा करण्याचा गरिबांचा हक्क गेला. त्याची थोडीफार भरपाई म्हणून मजुरांना भाजीपाल्यापुरता जमिनीचा तुकडा अल्प भाड्याने देण्याची प्रथा निघाली. या तुकड्याला तेथे ‘अलॉटमेंट’ म्हणतात. १९०८ च्या कायद्याने, मागणी असेल तेथे असे तुकडे पुरविण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. रूढ तुकडा दहा चौरस ‘रॉड’चा, म्हणजे ३०२.५ चौरस यार्डांचा असे. आपल्या हिशेबाने तो बरोबर अडीच गुंठे भरतो.

१९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटन अन्नाच्या मोठ्या हिश्श्यासाठी समुद्रापलीकडच्या देशांवर अवलंबून होते. चीजदेखील मुख्यतः न्यूझीलंड आणि कॅनडा येथून येई. जर्मन पाणबुड्यांनी जहाजे बुडविण्यास आरंभ केल्यावर गव्हासाठी जागा ठेवावी की तोफगोळ्यांसाठी, असा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर १९३९ मध्ये कृषिमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी आणखी पाच लाख अलॉटमेंट लागवडीखाली आणण्याचे आवाहन केले. ‘विजयासाठी खणा’ या नावाने ही मोहीम प्रसिद्ध झाली. युद्धारंभी आठ लाखांच्या आसपास असलेले तुकडे १९४३ पर्यंत सुमारे चौदा लाखांवर गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये वाफे झाले, टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकातही भाजीपाला पिकू लागला. ज्यांनी कधी फावडे हाती धरले नव्हते, असे कारकून, दुकानदार व गृहिणी माळी झाल्या.

नव्या माळ्यांना शिकविण्यासाठी नभोवाणी होती. नॉर्दम्प्टनशरमधील एका बड्या घराच्या मुख्य माळ्याचे पुत्र सी. एच. मिडल्टन हे दर रविवारी दुपारी बागकामावर बोलत. त्यांचे बोलणे व्याख्यानासारखे नव्हे, शेजाऱ्याशी बोलावे तसे असे, आणि ते लाखो घरांत ऐकले जाई. युद्ध संपले त्याच वर्षी, सप्टेंबर १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले.

बागेतल्या बोलण्याचा मोठा भाग अर्थातच तणाविषयीचा असे. अलॉटमेंट घेणाऱ्याने आपला तुकडा तणविरहित ठेवावा, ही भाडेकराराची नेहमीची अट असे. कारण एकाच्या आळसाने फुलोऱ्यावर आलेले तण शेजाऱ्याच्या वाफ्यात बी टाकते. खुरपणी ही त्यामुळे शेजारधर्माची बाब होती. बॉम्बहल्ल्यांनी शहरे उघडी पडली, तेव्हा तणाला नवे रान मिळाले. लंडनच्या उद्ध्वस्त जागांवर ‘फायरवीड’ नावाच्या झाडाचे गुलाबी-जांभळे तुरे डोलू लागले. क्यू येथील वनस्पती उद्यानाचे संचालक एडवर्ड सॅलिस्बरी यांनी अशा जागांवर आपोआप उगवलेल्या वनस्पतींची रीतसर नोंद केली. कोसळलेल्या घरांच्या जागी उगवलेल्या रानाचाही अभ्यास करावासा वाटणे, हे त्या समाजाच्या नोंदप्रिय स्वभावाचे लक्षण होय.

गप्पांचा दुसरा विषय अन्न. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटनीकडून येणारे कांदे बंद झाले. कांदा इतका दुर्मिळ झाला की तो सोडतीत बक्षीस म्हणून ठेवला जाऊ लागला. चीजची वाटणी मात्र विचारपूर्वक केलेली होती. कारखान्यातील कामगाराला उपाहारगृहात गरम जेवण मिळे. शेतातल्या मजुराला आणि खाणीत उतरणाऱ्याला ते मिळत नसे. म्हणून त्यांना चीजचा जादा हिस्सा ठरला व तो काही काळ आठवड्याला बारा औंस होता. पुरुष सैन्यात गेल्यावर शेते सांभाळणाऱ्या ‘विमेन्स लँड आर्मी’तील मुलींच्या डब्यातही तेच पाव आणि चीज असे. मांसाचा हिस्सा सोडून देणाऱ्या नोंदणीकृत शाकाहारींनाही चीज जास्त मिळे.

या न्याय्य वाटणीची एक किंमत होती. दूध आधी पिण्यासाठी आणि उरलेले टिकाऊ चीजसाठी, असे धोरण ठरले. घट्ट, न नासणारे, कापून तोलायला सोपे असे चेडर जातीचे चीज सरकारने पुढे केले. लोक त्याला ‘सरकारी चेडर’ म्हणत. गावागावांतील आपापल्या चवीची चीजे मागे पडली. लँकशर परगण्यात १९३९ मध्ये २०२ शेतघरांत चीज होत असे. १९४८ मध्ये अशी २२ घरे उरली. शिधावाटप १९५४ मध्ये पूर्णपणे उठले, पण दरम्यान पंधरा वर्षे गेली होती. चीज मुरविण्याची ही विद्या बहुतांशी घरातील बायकांच्या हातात होती आणि ती कागदावर क्वचितच उतरली होती. हात थांबले की अशी विद्या एका पिढीत नाहीशी होते.

मग जे टिकले ते कशामुळे? १९३७ मध्ये टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज आणि हम्फ्री जेनिंग्ज यांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ हा उपक्रम सुरू केला. दूरच्या जमातींचा अभ्यास होतो, तसा आपल्याच लोकांच्या रोजच्या जगण्याचा का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता. घराच्या खिडकीत ॲस्पिडिस्ट्राची कुंडी ठेवण्याची हौस हादेखील त्यांच्या आरंभीच्या विषयसूचीतील एक विषय होता. युद्ध सुरू होताच त्यांनी सामान्य माणसांना रोजनिशी लिहून पाठविण्यास सांगितले व शेकडोंनी ती लिहिली.

त्यांपैकी एक बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावातील नेला लास्ट. आरंभी त्यांनी स्वतःची ओळख ‘गृहिणी, वय ४९’ एवढीच दिली. एप्रिल-मे १९४१ मध्ये बॅरोवर बॉम्बहल्ले झाले, त्यात त्यांच्या घराचीही हानी झाली. चीजचे शिधावाटप लागू झाले तेही याच दिवसांत. कोंबड्या, स्वयंपाक, भाजी, नवऱ्याचा अबोला, सैन्यात गेलेल्या मुलाची काळजी, हे सारे त्यांच्या लेखनात एकत्र येते. १९६८ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९८१ मध्ये त्यांच्या रोजनिशीतील निवडक भाग पुस्तकरूपाने आला. आज युद्धकालीन ब्रिटनचा कोणताही गंभीर अभ्यासक या गृहिणीला वगळू शकत नाही.

याच काळात आपल्या देशातही शिधा होता. १९४२ पासून ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली, १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप आले आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे दुष्काळात मेली. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील आपल्या घरांतही तेव्हा धान्य मोजून शिजत होते, परसात अळू व पडवळ लावले जात होते. त्याविषयी दरबारी दफ्तरांत काही सापडेल. आजी-पणजीच्या शब्दांत मात्र फारच थोडे सापडते.

वास्तविक जुन्या कागदांचे मोल आपल्याला नवे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी घरोघरी फिरून कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. पण आपण सनदा, वंशावळी व पत्रव्यवहार जपला. वाणसामानाची वही आणि बायकांची पत्रे रद्दीत घातली. घरातला एक शब्दसुद्धा साधन असतो. तण काढण्याला आपल्या घरात भांगलण म्हणत असतील, तर मूळ कोल्हापूर-बेळगावकडे शोधावे. बेणणी म्हणत असतील, तर कोकणाकडे. निंदणी म्हणणारी बडोद्याची आजी कदाचित खानदेशाकडची असेल, किंवा शेजारच्या गुजरातीतील ‘नींदामण’ ऐकत मोठी झाली असेल. आडनाव बदलते, गाव सुटते. परसातला शब्द मात्र चार पिढ्या टिकतो. पाचवीत तो टिकेलच असे नाही, कारण आता परसच उरलेले नाही.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, घरातील वडीलधाऱ्यांशी बोलताना पराक्रमाच्या व पदव्यांच्या कथांबरोबर परसात काय होते, ते कोण खुरपत असे, आणि जे थोडे असे ते कोणाच्या ताटात आधी पडे, हेही विचारावे. आणि ते उत्तर, वर्ष व गाव घालून, त्याच दिवशी लिहून ठेवावे.