पहिल्या घराला जामीन कोण?

आपल्या पणजोबांच्या काळच्या कागदांत नजरगहाण, ताबेगहाण, मुदतखरेदी हे शब्द वारंवार भेटतात. नजरगहाणात घर मालकाच्याच ताब्यात राही. ताबेगहाणात ते सावकाराकडे जाई आणि त्याचे भाडे तो व्याजापोटी घेई. मुदतखरेदीत ठरल्या दिवशी पैसे परत न आल्यास मिळकत कायमची हातची जाई. तिन्ही प्रकारांत कर्ज मागणाऱ्याजवळ आधीच काहीतरी असावे लागे. लग्न, मर्तिक, बैल यांसाठी तो ते अडकवी. ज्याच्याजवळ अडकवायलाच काही नाही, त्याने पहिले घर कसे उभे करावे? सरकारची तगाई होती; पण १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांची ती कर्जे विहिरीसाठी, बांधबंदिस्तीसाठी, बी-बियाण्यासाठी होती.

म्हणून पहिल्या घराच्या कर्जाचा इतिहास मला जामिनाचा इतिहास वाटतो. गहाणाची जागा कोणी घ्यायची, हा त्यातला खरा प्रश्न.

एक उत्तर आपल्या बडोद्याने दिले. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी इथे अन्योन्य सहायकारी मंडळी स्थापन केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला अजून पंधरा वर्षे होती. चारचौघांनी बचत एकत्र करायची, त्यातून एकमेकांची नड भागवायची आणि सावकाराची पायरी टाळायची, ही त्यामागची दृष्टी. इथे वस्तूऐवजी माणसाची पत पुढे आली. पण वीस वर्षांची मुदत आणि घराएवढी रक्कम पेलायला शेजाऱ्याचा भरवसा पुरत नाही. तिथे तिजोरीच लागते.

ती उघडली १९५४ मध्ये. अल्प उत्पन्न गट गृहनिर्माण योजनेत वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत मिळवणाऱ्याला घराच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, फार तर ८,००० रुपये, लांब मुदतीचे कर्ज ठेवले होते. उरलेले वीस टक्के मात्र स्वतःचे हवेत. पगारातून पोट भरून ते साठवायचे कसे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. १९७० मध्ये हुडको आली. तिचा पैसा मुख्यतः गृहनिर्माण मंडळांना गेला, थेट कुटुंबाच्या हाती नव्हे.

एका कायदेशीर बारकाव्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने केवळ हक्काचे कागद बँकेत ठेवून गहाण देण्याची सोय केली, पण ती कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि सरकारने अधिसूचित केलेल्या इतर शहरांपुरती. बाकी गावांत नोंदणीकृत गहाणखत आणि त्याचा मुद्रांक आलाच. छोट्या गावांतला गृहकर्जाचा व्यवहार खर्चिक आणि किचकट राहिला, त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे असे माझे मत आहे.

१९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली. ती सरकारी नव्हती, पण जे घर अजून घ्यायचे आहे तेच तारण आणि दरमहाचा पगार हीच पत, ही रीत तिने मध्यमवर्गात रुळवली. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक सुरू झाली आणि अशा संस्थांना नियामक व पुनर्वित्त मिळाले. नव्वद वर्षांमागचा कोणताही सावकार या रीतीला हसला असता.

२५ जून २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सरकारने आणखी वेगळी जागा घेतली: कर्ज बँकेचे, त्यातला काही व्याजभार सरकारचा. वार्षिक सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज-अनुदान होते. पुष्कळांना ‘दोन लाख सदुसष्ट हजार मिळतात’ एवढेच ऐकू आले. ती रक्कम हाती येत नसे. वीस वर्षांच्या अनुदानाचे आजचे मूल्य काढून ती कर्जखात्यात जमा होई आणि मुद्दल तेवढे घटे. या गटासाठी घरावर बाईचे नाव असणेही आवश्यक केले होते. जुन्या गहाणखतांतली नावे आठवा, म्हणजे या एका अटीचे मोल कळेल.

१ सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नाची मर्यादा नऊ लाख, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत, कर्ज पंचवीस लाखांपर्यंत. त्यातल्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के अनुदान, एकूण फार तर १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असावे लागते आणि मुद्दल निम्म्याहून अधिक बाकी असावे लागते. लवकर कर्ज फेडून मोकळे होण्याची आपली मराठी घाई इथे महागात पडू शकते.

या योजनांतली सर्वांत अवघड अट मात्र ‘पहिले घर’ हीच आहे. पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे भारतात कोठेही पक्के घर नसावे. आपली मंडळी दोन-तीन पिढ्यांपूर्वी सातारा, रत्नागिरी, बेळगावाकडून इथे आली. इथे भाड्याच्या खोलीत संसार आणि गावच्या पक्क्या घरात नावापुरता हिस्सा, अशी कुटुंबे कमी नाहीत. घर अजून वडिलांच्याच नावे असेल, तर कमावत्या मुलाचे कुटुंब वेगळे धरता येते. वारसनोंद होऊन सर्व भावांची नावे चढली असतील, तर अर्जापूर्वीच बँकेकडून खुलासा मागावा. प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी गावी एक फोन करून, ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आज नेमकी कोणाची नावे आहेत, ते विचारून घ्या.