तक्रार करावी की नाही? : कांकेच्या पत्राचा धडा

मनोरुग्णालयातील वागणुकीविरुद्ध तक्रार पुढे न्यावी की सोडून द्यावी, असे परराज्यांत राहणारे मराठी स्नेही मला अधूनमधून विचारतात. भीती एकच असते. रुग्ण अजून तिथेच आहे, राग त्याच्यावर निघेल. शिवाय "वेड्याचे म्हणणे" ऐकणार कोण? ही भीती रास्त आहे. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तक्रारीची किंमत एकटे कुटुंब मोजते, लाभ मात्र पुढच्या सर्व रुग्णांना मिळतो. म्हणूनच तक्रारी थोड्या होतात.

आपल्या प्रशासनाने यावर दीर्घकाळ एकच उपाय योजला : वरून तपासणी. 1912 च्या कायद्यात अभ्यागतांची, म्हणजे तपासणीसाठी नेमलेल्या सदस्यांची, तरतूद होती. 1987 च्या कायद्यानेही दरमहा संयुक्त तपासणी सांगितली. तो अमलात यायला 1993 उजाडले. तपासणी कागदावर होती, पण रुग्णाचा आवाज त्यात नव्हता.

खरा बदल एका पत्राने घडवला. रांचीजवळील कांके येथील मनोरुग्णालयाच्या दुरवस्थेविषयी 1980 च्या दशकात पाटण्याच्या नागरिकांनी सरन्यायाधीशांना लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. 1997 मध्ये रांची, आग्रा व ग्वाल्हेर या तीन रुग्णालयांवरील देखरेख राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपविली गेली. पत्रापासून इथवर दशकाहून अधिक काळ गेला, हेही विसरू नये.

उलट उदाहरण तमिळनाडूतील एरवाडीचे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तेथील आश्रयगृहाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले 28 रुग्ण मृत्युमुखी पडले. साखळीतला माणूस पत्र लिहू शकत नाही. ते बाहेरच्यानेच लिहावे लागते.

2018 मध्ये लागू झालेल्या 2017 च्या कायद्याने हा मार्ग सोपा केला. साखळीने बांधण्यास बंदी आहे. कलम 28 नुसार तक्रार प्रथम संस्थेच्या प्रमुखाकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे करता येते. मंडळाकडील अर्जाला शुल्क नाही. रुग्ण स्वतः, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, किंवा त्याच्या संमतीने नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था अर्ज करू शकते. सामान्य अर्ज 90 दिवसांत निकाली काढायचा असतो. मंडळ रुग्णालयाच्या जिल्ह्याचे असते. आपले मूळ घर कुठे आहे, हा प्रश्नच नाही. मात्र अनेक राज्यांनी ही मंडळे स्थापन करण्यात दिरंगाई केली, हे प्रशासनातील माणूस म्हणून मी नाकारत नाही.

मग निर्णय कसा घ्यावा? डॉक्टरांचे तुटक बोलणे वा बिलाची कुरबुर समोरासमोर मिटवावी. परंतु मारहाण, बांधून ठेवणे, इच्छेविरुद्ध अडकवणे वा उपचाराच्या नोंदी नाकारणे असेल, तर तक्रार सोडू नये. आधी रुग्णाला सुरक्षित स्थळी हलवावे, त्याची संमती घ्यावी, तारखांसह टिपणे करावीत आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार सरकारी दप्तरी झालेलीच नसते.