शिवारावर वसलेले आपले शहर

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या वस्तीची माहिती कोणीतरी लिहावी असे बैठकीत ठरले आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तरी लग्न होऊन कोपरखैरण्यास आल्यापासून जे पाहिले, सासऱ्यांच्या तोंडून जे ऐकले आणि दुपारी कामे उरकल्यावर जे वाचले, ते येथे मांडते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आज जेथे आपले सेक्टर आहेत तेथे पूर्वी भाताची खाचरे होती. खाडीच्या कडेने मिठागरे होती. आगरी, कोळी, कराडी समाजाची गावे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. आपल्या पलीकडच्या गावठाणातील एक आजी सांगतात की, खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालावे लागत, आणि उधाणाने बांध फुटला तर रात्री-अपरात्री सारा गाव घमेली घेऊन धावे. अशा कष्टाने राखलेली ही जमीन होती, एवढे ध्यानात ठेवावे. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्याला रसायनांचे कारखाने आले व काही शेते तेव्हाच गेली.

पुढे मुंबईत माणसे मावेनात. तेव्हा चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे अशी कल्पना मांडली. १९६५ साली ती ‘मार्ग’ या इंग्रजी नियतकालिकात छापून आली. तिघांत एक बाई होती हे वाचून मला फार बरे वाटले. सरकारी कचेऱ्या व बाजार येथे आणावे, म्हणजे माणसाला घराजवळच काम मिळेल, असा त्यांचा विचार होता. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ९५ गावांची जमीन घेऊन शहर वसवायचे ठरले. परंतु सचिवालय काही खाडी ओलांडून आले नाही. उलट त्याच काळात तिकडे नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून उंच इमारती उभ्या राहिल्या. माझ्या मते आपल्या शहराची पहिली वीस वर्षे यातच मागे पडली.

इकडे शेतकऱ्यांना मिळणारा मोबदला फारच तुटपुंजा होता. जासईचे दि. बा. पाटील यांनी त्यांची बाजू घेतली. जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळ्या चालल्या व पाच शेतकरी प्राणास मुकले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना आली. आजींना त्यांचा तुकडा मिळेपर्यंत त्यांचे यजमान हयात राहिले नव्हते. कचेरीच्या खेपा घालून चपला झिजल्या, असे त्या हसून सांगतात, पण ते हसणे ऐकवत नाही.

मग शहर भरले कशाने? माझे उत्तर असे की, कचेऱ्यांच्या आधी ते बाजाराने भरले. कांदा-बटाटा, मग धान्य व मसाला आणि नव्वदीच्या दशकात भाजी व फळे, असे मुंबईतील घाऊक बाजार एकामागून एक तुर्भे-वाशीकडे हलले. माझे सासरे मशीद बंदरला माथाडी होते. सातारा जिल्ह्यातून आलेले पंचवीस-तीस जण एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत. खानावळीचा डबा, पाठीवर पोते आणि वर्षातून एकदा यात्रेला गावी जाणे, असा त्यांचा जन्म गेला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडींचा कायदा झाला, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी तरी लाभला. बाजार इकडे आल्यावर माथाडींना येथे लहान लहान घरे मिळाली, आणि मगच आमच्या सासूबाई गाव सोडून नवऱ्याजवळ राहू लागल्या. लग्नाला तेव्हा बावीस वर्षे झाली होती! कोणी म्हणेल, यात इतिहास तो काय? मला तर हाच मोठा इतिहास वाटतो.

मानखुर्द-वाशी लोकल ९ मे १९९२ रोजी सुरू झाली, आणि २००४ पासून ठाण्याची गाडीही आपल्या दारावरून जाऊ लागली. जुने कारखाने कित्येक बंद पडले व त्या जागी काचेच्या इमारती आल्या. तेथे संगणकाची कामे चालतात. आपल्यापैकी कितीतरी जणी तेथे साफसफाईला व स्वयंपाकाला जातात, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता वाढीचा ओघ दक्षिणेस वळला आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा पूल, म्हणजे अटल सेतू, खुला झाला. विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचे पात्र वळविले आणि दहा गावठाणे उठविली. आजींचे माहेर त्यांपैकीच एका गावचे. या विमानतळास दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, हजारो लोक बेलापुरास जमले. आजीही नातवाबरोबर गेल्या होत्या.

विमानतळाने हजारोंना काम मिळेल असे सांगतात. मिळेलही. पण १९७० सालीही घराजवळ काम मिळेल असेच सांगितले होते, आणि ते यायला कोणाची किती वर्षे गेली ते वर लिहिलेच आहे. आजींची नात व माझी धाकटी, दोघी यंदा बारावीला आहेत. तेथे कोणत्या कामाला किती शिक्षण लागते, भरती थेट होते की ठेकेदारामार्फत, आणि रात्रपाळीच्या मुलींना घरी पोहोचविण्याची काय सोय आहे, याची चौकशी मंडळाने लेखी करावी असे मी बैठकीत सुचविले आहे. चिटणीस बाईंनी होकार दिला. ज्यांच्या मुली अठराच्या पुढे आहेत त्यांनी मंगळवारी भजन आटोपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत. गावठाणातील मुलींची नावे आजी स्वतः आणून देणार आहेत.