तहान न लागलेली माणसे : फ्रान्स, ऑगस्ट २००३

१/८
३ सप्टेंबर २००३. पॅरिसच्या दक्षिणेला तिए येथील दफनभूमीत ५७ मृतदेहांना मूठमाती देण्यात आली. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक स्वतः उपस्थित होते. या मृतांना न्यायला मात्र एकही आप्त आलेला नव्हता. त्या उन्हाळ्याची ही हकीकत.

२/८
ऑगस्टच्या पूर्वार्धात पॅरिसचा पारा ३९ अंशांपलीकडे गेला. विदर्भातील वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथली घरे थंडी अडवण्यासाठी बांधलेली. जस्ताच्या छपरांखालच्या खोल्या रात्रीही निवत नव्हत्या. १ ते २० ऑगस्ट या काळात फ्रान्समध्ये नेहमीपेक्षा सुमारे १५,००० मृत्यू अधिक झाले. बहुतेक मृतांनी पंचाहत्तरी ओलांडलेली होती. शवागारे अपुरी पडली, तेव्हा रंजिसच्या घाऊक बाजारातील शीतगृह वापरावे लागले.

३/८
मृत्यूच्या कारणांत उष्माघाताबरोबर निर्जलीकरणाचीही नोंद आढळते. नळाला पाणी होते; मग माणसे प्यायली का नाहीत?

४/८
उत्तराचा एक भाग १९८४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ७ तरुणांना आणि ६७ ते ७५ वयाच्या ७ निरोगी वृद्धांना २४ तास पाण्याविना ठेवले. वृद्धांच्या शरीरातील तुटवडा तरुणांहून कमी नव्हता, तरी त्यांना तहान कमी जाणवली. पाणी समोर आल्यावरही ते कमीच प्यायले.

५/८
अशा वयात आग्रहाने पाणी देणारे माणूस जवळ लागते. पण ऑगस्ट हा फ्रान्सचा सुट्टीचा महिना. मुले, शेजारी, नेहमीचे डॉक्टर गावाबाहेर. १० ऑगस्टला आपत्कालीन विभागातील डॉक्टर पात्रिक पेलू यांनी जाहीर इशारा दिला. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री मातेई सुट्टीच्या घरातून मुलाखत देताना देशाने पाहिले. १८ ऑगस्टला आरोग्य महासंचालक आबेनाईम यांनी राजीनामा दिला.

६/८
२००४ मध्ये राष्ट्रीय उष्मालाट योजना आली. वृद्धाश्रमांत एक थंड खोली सक्तीची झाली. एकट्या वृद्धांची नोंदवही नगरपालिकांकडे आली; लाट आली की त्यांची विचारपूस होऊ लागली. वृद्ध व अपंगांच्या सेवेला निधी मिळावा म्हणून वर्षातून एक दिवस जादा वेतनाविना काम करण्याचा कायदाही झाला.

७/८
जुलै २००६ मध्ये पुन्हा लाट आली. या वेळी सुमारे २,००० अतिरिक्त मृत्यू झाले. तापमानावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा ४,००० हून अधिक कमी.

८/८
त्या नोंदवहीत नाव घालणे ऐच्छिक आहे. वृद्धाने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणीतरी ते कळवावे लागते. तिएच्या ५७ जणांसाठी ते कोणी कळवले असते?