राणीची बाग आणि रविवारची सुटी

यंदा आम्ही करमणुकीच्या बागेवर बोलणार असे कळविले तेव्हा काही स्नेही हसले. तेंदूची मजुरी आणि जंगल कामगारांची हजेरी यांवर बोलण्यात ज्याची हयात गेली, तो आता माकडांवर नि पाळण्यांवर बोलणार काय, असे त्यांनी विचारले. त्यांचे हसणे रास्त आहे. आमची शाळा अर्ध्यावर सुटली. पुढचे सारे वाचन संघटनेच्या कचेरीत, काम आटोपल्यावर रात्री झाले. त्या वाचनात एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. बागांचा इतिहास लिहिणारे ती कोणी बांधली, कोणाच्या हस्ते उघडली, हे तपशिलाने सांगतात. ती पाहावयास कोणाला सवड होती, हे सहसा सांगत नाहीत. आम्हाला ते दुसरे सांगावयाचे आहे.

आमच्या सिरोंच्यात अशी बाग नाही. गोदावरी ओलांडून कालेश्वरला महाशिवरात्रीला जावे, तेथे भजी खावीत, मुलाला पिपाणी घ्यावी, एवढीच आमची करमणूक. बारा वर्षांनी पुष्कर येते. २०२२ च्या एप्रिलात प्राणहितेचे पुष्कर झाले, तेव्हा भर उन्हात दोन्ही काठांना माणूस मावत नव्हता. पण जत्रा उठते, राहुट्या निघतात, आणि वाळू पुन्हा रिकामी होते. बारमाही करमणुकीची जागा ही शहराने काढलेली गोष्ट आहे.

जपानात तोकिओच्या आसाकुसा भागात हानायाशिकी नावाची अशी एक जागा आहे. १८५३ साली ती फुलझाडांची बाग म्हणून सुरू झाली. मग फुलांच्या जोडीला प्राणी आले, प्राण्यांच्या जोडीला खेळ आले. १९५३ साली तेथे रुळांवरून वरखाली धावणारी गाडी बसविली, ती त्या देशातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. आसाकुसा हा देवळाभोवतीचा, साध्या लोकांच्या वर्दळीचा भाग. हे वाचीत असता आम्हाला मुंबईची राणीची बाग आठवली. तीही फुलझाडांपासून प्राण्यांपर्यंत आली, आणि तिच्याही भोवती कष्टकऱ्यांची वस्ती होती.

मुंबईत शेती व बागायतीला उत्तेजन देणारी एक सोसायटी होती. तिची पहिली बाग शिवडीला होती. त्या जागी पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. १८६१ साली भायखळ्याला नवी बाग आखण्यास सुरुवात झाली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रियरसाहेबांच्या पत्नीने ती उघडली. तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले. लोकांनी लांबलचक नाव टाकून तिला राणीची बाग केले, आणि पुढे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे नाव मिळाले तरी लोकांच्या तोंडून राणी गेलेली नाही.

ती वर्षे ध्यानात घ्यावीत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसावर मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. त्याच कापसासाठी आमच्या दारातही उलाढाल चालली होती. निजामाकडून १८६० साली हा मुलूख इंग्रजांकडे आला, सिरोंचा अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि कापूस नावांतून समुद्रापर्यंत न्यावा म्हणून गोदावरी-प्राणहितेच्या खडकाळ पात्रात बांधकामे सुरू झाली. आगगाडीने ती योजना निरर्थक केली. १८७१ साली काम सोडून दिले. मुंबईला बाग मिळाली. सिरोंच्याला आगगाडीही मिळाली नाही, ती अजून आलेली नाही. असो.

बाग उघडली त्या दिवसाचा वार आम्ही हिशेब करून काढला. तो बुधवार होता. त्या बुधवारी मुंबईतल्या गिरण्या चालू होत्या. कापडाची पहिली गिरणी दावरांनी १८५६ साली ताडदेवला चालू केली होती, आणि पुढच्या तीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी या बाजूस धुराड्यांचे रान उभे राहिले. बाग त्यांच्या मधोमध. कोकणातून, घाटावरून आलेला कामगार सूर्य उगवताना आत जाई आणि मावळल्यावर बाहेर येई. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. मोजके सण सोडले तर सुटी नसे. बागेच्या कुंपणावरून रोज जाणारा माणूस ती बाग दिवसाउजेडी कधी पाहत असेल?

१८८१ च्या कारखाना कायद्याने बालकामगारांना महिन्यातून चार सुट्या दिल्या. प्रौढांना काहीच दिले नाही. येथे नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव येते. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांची सभा घेतली. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्यास मदत. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जाला मान्यता दिली. निरक्षर माणसांच्या इतक्या सह्या आणि अंगठे गोळा करणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो. गावोगावी फिरून तेंदूच्या फळीवर शंभर अंगठे घेताना आमचा आठवडा जातो.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला शर्यतीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रिया बोलल्या. त्यांचे भाषण इतिहासकारांनी दोन ओळींत आटोपले आहे, याचे आम्हाला नेहमी वाईट वाटते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटीवर शिक्कामोर्तब केले.

आता एक योगायोग पाहा. बाग १८७३ पासून म्युनिसिपालटीकडे होती. त्याच १८९० साली प्राण्यांसाठी तिची जागा वाढविण्यात आली. दोहोंचा संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पण वाघ-सिंह पाहावयास गिरणगाव मोकळे झाले ते त्याच साली, एवढे खरे.

पुढे गिरणगावातल्या पिढ्यान् पिढ्यांनी रविवार तेथे घालविला. गावाहून पाहुणा आला की त्याला आधी राणीची बाग दाखवावयाची, असा शिरस्ताच पडला. दाराशी १८७२ साली उघडलेले संग्रहालय, ज्याला आता डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे. त्याच्या अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला हत्तीचे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला न्यावा म्हणून उचलू लागले, तर कोसळून त्याचे तुकडे झाले. १९१४ साली ते तुकडे जोडून तो उभा केला. काळा घोडाही १९६५ साली येथेच आणून ठेवला. शहराला नकोसे झालेले राजे ठेवावयास ही जागा बरी पडली. जाड बुंध्याची गोरखचिंचेची झाडे आहेत. पूर्वी मुलांना हत्तीवर बसवून फिरवीत.

हत्तीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या सिरोंचा वनविभागात कमलापूरला हत्तींचा कॅम्प आहे. हे हत्ती सागाचे ओंडके ओढीत, म्हणजे तेही जंगल कामगारच. आता ओंडके यंत्रे ओढतात आणि हत्ती पाहावयास लोक येतात. दर हिवाळ्यात त्यांना दहा दिवसांची सुटी मिळते. काम बंद, आणि पायांना औषधी लेप. आमच्या एका सभेत हे सांगितले तेव्हा मागून कोणी ओरडले, "आम्हाला हत्ती करा!"

राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये सेऊलहून आठ पेंग्विन आले. १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० झाले, मुलांचे २ वरून २५. आईबाप व दोन मुले मिळून १०० रुपये. पेंग्विनला थंड पाणी लागते, थंड पाण्याला वीज लागते, हे आम्हास समजते. पण ज्यांनी बागेला गर्दी दिली त्या गिरण्या तोवर उरल्या नव्हत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेत तर शतकाच्या अखेरीस बोलिंगचा खेळ सुरू झाला. जेथे बाप साचे चालवी तेथे पोराने पैसे देऊन चेंडू घरंगळवावा, अशी सोय झाली. पन्नास रुपयांविरुद्ध अर्ज करावयास साडेपाच हजार अंगठे आता कोणी आणावेत?

आम्ही स्वतः बाग पाहिली ती उशिरा. तेंदूच्या मागण्या घेऊन काही सोबत्यांसह मुंबईस गेलो होतो. मंत्रालयातले काम सकाळीच आटोपले, परतीची गाडी रात्री होती. आमच्यात एक म्हातारी होती, तेलुगु बोलणारी, सिरोंच्याबाहेर कधी न गेलेली. तिला वाघ पाहावयाचा नव्हता, वाघ तिने पुष्कळ पाहिला होता. तिला दगडाचा हत्ती पाहावयाचा होता. भायखळ्याला उतरून विचारीत विचारीत फाटकाशी गेलो, तर फाटक बंद. पहारेकरी म्हणाला, "आज बुधवार. बुधवारी बाग बंद असते."

म्हातारीने कारण विचारले. आम्ही तेलुगूत सांगितले, की येथल्या माळ्यांची नि प्राण्यांना चारा घालणाऱ्यांची ही सुटी. ती फाटकाच्या गजांतून आत बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "असू दे. त्यांनाही घरी पोरेबाळे असतील." आणि समोरच्या फुटपाथवर बसून तिने भाकरीचे गाठोडे सोडले.